भार कोठे ठेवावा?

मोटारीचा वेग सरळ रस्त्यावर दिसतो. तिचा तोल मात्र वळणावरच कळतो. १९६१ साली जिनिव्हात प्रकट झालेल्या इंग्लंडच्या जॅग्वार ई-टाइपचे ३.८ लिटरचे इंजिन पुढे, लांब नाकाखाली होते. १९६३ साली फ्रँकफुर्टला दाखविलेल्या जर्मनीच्या पोर्शे ९११ चे २ लिटरचे, हवेने थंड होणारे इंजिन मागच्या आसापलीकडे. वळणातून बाहेर पडताना हाच भार पोर्शेच्या मागच्या चाकांना पकड देई. पण भर वळणावर चालकाने भिऊन पाय उचलला, की भार पुढे सरके, ती पकड सुटे आणि जड शेपूट बाहेर फेकली जाई.

बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यात तयार होऊन २००१ साली बाजारात आलेल्या ‘रेवा’ या विजेच्या चिमुकल्या मोटारीत बॅटऱ्यांचे ओझे पुढच्या आसनांखाली ठेवले होते. ती शर्यतीची मोटार नव्हे. पण प्रश्न तोच. त्याचे उत्तर कारखान्यात ठरते, आणि ते चुकले तर किंमत चालकाला मोजावी लागते.