डब्यातलं माल्ट आणि आपला मोड आलेला नाचणा



आज जाळं, मत्स्यबीज, दर यातलं काही नाही. आज घरातल्या फळीवर असणाऱ्या एका डब्याविषयी बोलायचं आहे.

मासळीचा हिशेब घ्यायला आलेल्या एक मावशी परवा ऑफिसात म्हणाल्या, "आठवड्याच्या पैशातनं आधी नातवाचा डबा आणावा लागतोय, मग मीठ-मिरची. ती चॉकलेटची पावडर नसली तर पोरगं दुधाला तोंड लावत नाही." आम्ही विचारलं, "मावशी, डब्यात असतंय काय?" त्या म्हणाल्या, "काय की, ताकदीचं असतंय म्हणे."

ही गोष्ट एकट्या मावशींच्या घरची नाही. पहाटे नदीवर जाणारा आपला माणूस स्वतः काळा चहा पितो, पण पोरासाठी डबा आणतोच. म्हणून त्या डब्यात काय असतं हे एकदा नीट बघू.

डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचा. जो घटक सगळ्यात जास्त, तो यादीत सगळ्यात आधी छापलेला असतो. खालच्या तक्त्यात 100 ग्रॅममध्ये साखर किती, हेही लिहिलेलं असतं. 'वरून घातलेली साखर' अशी वेगळी ओळ असेल तर तो आकडा वहीत लिहून ठेवा. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य खात्यानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवलं, की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात दाखवू नका. कारण 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. म्हणजे 'ताकदीचं' हे नाव बाजारानं दिलेलं, कायद्यानं नव्हे.

माल्ट म्हणजे काय?

नाव इंग्रजी आहे, वस्तू आपली आहे. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, हलकं भाजायचं आणि दळायचं. झालं माल्ट. हॉर्लिक बंधू मूळचे इंग्लंडचे, अमेरिकेत जाऊन त्यांनी जव आणि गहू यांचं माल्ट दुधाबरोबर आटवून पावडर केली आणि 1883 साली तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडं आजी बाळाला नाचण्याचं सत्व करून घालायची, ते काम याच जातीचं. फक्त तिनं पेटंट घेतलं नाही.

मोड आल्यावर दाण्यात एक पाचक द्रव्य तयार होतं. ते पिठूळ भाग फोडून त्याची बारीक साखर करतं. म्हणून माल्टला अंगची गोडी असते आणि त्याची पेज पातळ राहते. साध्या नाचण्याच्या पिठाची पेज घट्ट होते, तेवढं पीठ पातळ करायला पाणी जास्त लागतं आणि लहान पोराचं पोट पाण्यानंच भरतं. माल्टमध्ये तेवढ्याच वाटीत जास्त धान्य पोटात जातं. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नसंशोधन संस्थेत नाचण्याच्या माल्टवर पुष्कळ काम झालेलं आहे ते यासाठीच. शिवाय मोड आल्यानं नाचण्यातलं लोह आणि कॅल्शियम अंगी लागायला मदत होते.

आपल्या कर्नाटकात तर सरकारी शाळेत फेब्रुवारी 2024 पासून दुधातून रागी माल्ट द्यायला सुरुवात झाली. शाळेत पोरगं 'रागी माल्ट' म्हणून पितंय, आणि घरात नाचणा म्हटलं की नाक मुरडतंय. वस्तू एकच आहे बघा.

घरी कसं करायचं?

1. खानापूर, चंदगडकडचा चांगला नाचणा 1 किलो घ्या. निवडून तीन-चार पाण्यांनी धुवा, खडे खाली बसतात. रात्रभर, 10 ते 12 तास भिजवा.

2. पाणी पूर्ण निथळून सुती फडक्यात सैल बांधा आणि चाळणीत ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका मारा. दीड-दोन दिवसांत पांढरे बारीक मोड दिसतात. वास गोडसर हवा. आंबट किंवा कुबट वास आला तर टाकून द्या.

3. कापडावर पातळ पसरून कडक उन्हात वाळवा. वरून जाळीदार कापड घाला. दाणा दातानं कटकन मोडला पाहिजे.

4. हातानं चोळून मोड झाडा आणि सुपानं पाखडा. मग लोखंडी कढईत मंद आचेवर 8-10 मिनिटं परता. खमंग वास आला की उतरवा. जास्त भाजलं तर कडू होतं आणि ते पाचक द्रव्यही मरतं, मग पेज घट्टच होणार.

5. गार करून दळा आणि बारीक चाळणीनं किंवा फडक्यानं चाळा.

आमची पहिली खेप वाया गेली, ते सांगितलंच पाहिजे. जुलैत केली. निपाणीचा पाऊस, ऊन नाही. घरात पंख्याखाली वाळवलं आणि तिसऱ्या दिवशी दाण्यावर हिरवट बुरशी. "भाजलं की जाईल" असं घरात कोणीतरी म्हणालं, पण बुरशीचं विष भाजून जात नाही. सगळं टाकलं. तेव्हापासून आम्ही फेब्रुवारी ते मे या उन्हातच करतो. वाळवून भाजलेला नाचणा हवाबंद डब्यात भरून ठेवतो आणि महिन्यापुरताच दळतो.

चॉकलेटची पावडर

माल्टचं पीठ 500 ग्रॅम, डाळं दळून 100 ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर 60 ग्रॅम, चार-पाच वेलदोडे, चिमूटभर मीठ. सगळं दोनदा चाळून एकत्र करा. कोको घेताना लक्ष द्या. 'ड्रिंकिंग चॉकलेट' लिहिलेल्या पाकिटात आधीच साखर असते, ते नको.

गूळ यात मिसळू नका. तो ओल धरतो आणि पावडरीचे खडे होतात. कपात वेगळा घाला.

एक कप

पोह्याचे दोन चमचे, साधारण 15 ग्रॅम पावडर अर्ध्या वाटी थंड पाण्यात कालवा. थंडच, नाहीतर गुठळ्या होतात. मंद आचेवर ढवळत ठेवा, मग 150 मिली दूध घालून चार-पाच मिनिटं उकळा. विकतच्या पावडरीसारखी ही नुसत्या गरम दुधात विरघळत नाही, शिजवावीच लागते. उतरवून जरा निवल्यावर चहाचा अर्धा चमचा गूळ घाला. उकळत्या दुधात गूळ घातला तर दूध फाटतं.

आता खरं ते सांगतो

ही जादूची पावडर नाही. 100 ग्रॅम नाचण्यात सुमारे 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, पण एका कपात नाचणा जातो जेमतेम 11 ग्रॅम. म्हणजे नाचण्याचं 40 मिलीग्रॅमच्या आसपास, आणि 150 मिली दुधाचं 170-180. ताकद मुख्यतः दुधाची आहे, आपल्या पावडरीची असो की दुकानच्या. नाचण्याचा खरा फायदा हवा तर भाकरी, आंबील खा. बारीक मासळी काट्यासकट चावून खाल्ली तर तेही कॅल्शियमच. ती आपल्या घरात असतेच.

गूळही साखरच आहे. 'गूळ म्हणून चालतंय' म्हणत दोन चमचे घातले तर डबा काय वाईट होता? दोन वर्षांखालच्या बाळाला गूळ आणि कोको दोन्ही नको, साधं सत्व द्या. एक वर्षाच्या आत वरचं दूधही नको. घरात साखरेचा आजार असेल त्यांनी माल्ट रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं, माल्टची गोडी रक्तात लवकर चढते.

मावशींच्या नातवानं पहिला कप "कडू आहे" म्हणून ठेवून दिला. मग मावशींनी युक्ती केली. जुन्या डब्यातला एक चमचा, घरचा एक चमचा. आठवड्यानं अर्धा आणि दीड. तीन आठवड्यांनी नुसता घरचा. डबा तोच ठेवला, आतली पावडर बदलली. पोराला अजून कळलेलं नाही, तेव्हा तुम्हीही सांगू नका.

ऊन पडतंय तोवर एक किलो नाचणा भिजत घाला. नाचणा, कोको, गॅस, गिरणी यांचा खर्च वहीत लिहा आणि डब्याच्या किमतीशी ताडून बघा. मासळीचा हिशेब आपण पैशापर्यंत ठेवतो, हा पण ठेवूया.