अंगठ्याचं बळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मंडळी, मराठीत हाताच्या पकडीसाठी दोन जुने शब्द आहेत, मूठ आणि चिमूट. मूठभर तांदूळ घेताना बोटं तळव्याकडे वळतात. चिमूटभर मीठ घेताना अंगठा समोरून येऊन बोटांच्या टोकांना भिडतो. जॉन नेपिअर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९५६ साली हाताच्या पकडीची अशीच दोन गटांत विभागणी केली : जोराची पकड आणि नेमकी पकड. आपल्या स्वयंपाकघरात ती आधीपासूनच होती.

व्यायाम करणारे मुठीकडे लक्ष देतात, चिमटीकडे देत नाहीत. बाजारात मिळणारा स्प्रिंगचा चिमटा दाबला की चार बोटांना काम मिळतं, अंगठा नुसता टेकू देत राहतो. म्हणून आज मुख्यतः अंगठ्याबद्दल बोलायचं आहे.

आमच्या अर्नाळ्यात पूर्वी हा व्यायाम कुणाला शिकवावा लागत नसे. डोल जाळं भरती-ओहोटीच्या हिशोबानं लागतं आणि बोंबील-जवळ्यानं जड होऊन वर येतं. ते दोर नुसत्या हातांनी ओढलेल्या म्हाताऱ्या कोळीदादांनी प्रेमानं हात हातात घेतला, तर सुटल्यावर आपली बोटं मोजून घ्यावीत! आता ओढायला यंत्रं आली. चांगलंच झालं, माणसांच्या पाठी वाचल्या. पण नव्या पोरांचे हात हळूहळू माझ्यासारखे, लेखणी आणि मोबाइल धरणाऱ्याचे होऊ लागलेत. किल्ल्याच्या बेटाकडे जाताना होडीचा काठ धरून चढावं लागतं, तेव्हा ते कळतं.

हे बळ असतं कुठे? एका हातानं दुसऱ्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि बोटं हलवा. कातडीखाली हालचाल जाणवेल. बोटांमध्ये स्नायू जवळपास नाहीतच. त्यांना वळवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटं ओढतात, कळसूत्री बाहुलीसारखी. आता मनगट आत वाकवून मूठ आवळून पाहा. जोर लागत नाही ना? म्हणून पुढचे सगळे व्यायाम मनगट सरळ ठेवून. अंगठ्याचं मात्र थोडं वेगळं आहे. त्याच्या बुडाशी तळव्यात जो उंचवटा दिसतो, तो त्याचा स्वतःचा स्नायूंचा गठ्ठा.

त्या गठ्ठ्यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वीट. भाजकी वीट तीनेक किलोची असते. ती उभी ठेवून एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं, अशी वरून धरून जमिनीपासून वीतभर उचलायची आणि दहा सेकंद धरायची. पायावर पडणार नाही असं उभं राहा, खाली गोणपाट टाका. वीट जड वाटली तर दीड इंच जाडीचा फळीचा तुकडा घ्या, त्याला हूक लावून पाण्याची बाटली टांगा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वजनकाट्याची गरज नाही. झेपेल तसं पाणी वाढवा.

जपानच्या ओकिनावा बेटांवर कराटे शिकणारे मडक्याचा काठ बोटांच्या टोकांनी धरून चालतात आणि मडक्यात थोडी थोडी वाळू वाढवत नेतात. आपण रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी घ्यावी. वाळू किनाऱ्यावरून बादलीभर आणली तर चालेल, डंपरभर नको. तो उद्योग करणारे वेगळे आहेत.

आणि आपला दोरीचा मल्लखांब? त्या दोरीला आधारासाठी एकही गाठ नसते. मुलं-मुली हातांची पकड आणि पायाच्या अंगठ्याची चिमटी यांवर वर चढतात. घरी दोरी नको, मजबूत दांडीवरून जुना जाड टॉवेल टाका, त्याची दोन टोकं धरा आणि पाय जमिनीवर टेकवूनच थोडं वजन हातांवर सोडा.

मूठ मिटण्याइतकीच ती उघडणंही महत्त्वाचं. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंदीची चकती कापायची, पाचही बोटांवर चढवायची आणि बोटं फाकवायची. पंधरा-वीस वेळा.

माझ्या खालाचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण गॅसच्या रेग्युलेटरची कळ दाबता येईना. चहासाठी शेजारणीला हाक मारावी लागे, याचं तिला मोडल्या हाडापेक्षा जास्त दुःख. डॉक्टरांची परवानगी घेऊन तांदळाच्या डब्यात हात घालून बोटं उघडमीट करायला सांगितलं. “बेटा, तांदूळ काय खेळायला असतात?” म्हणाली, पण केलं. मग अर्धी बाटली, मग पाऊण. दोन-अडीच महिन्यांनी कळ दाबली गेली.

२०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा अभ्यास आला; त्यात भारतही होता. पकड ५ किलोनं कमी असेल, तर पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्के जास्त आढळला. विटा उचलल्यानं आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नव्हे. पकड ही साऱ्या शरीराच्या बळाची खूण आहे, एवढंच.

आठवड्यातून तीन दिवस पुरे. स्नायू लवकर तयार होतात, कंडरा सावकाश. घाई केली की बोटांच्या बुडाशी दुखतं. श्वास रोखून जोर लावू नका, रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. रात्री बोटांना मुंग्या येत असतील, बोट वाकून अडकत असेल किंवा अंगठ्याच्या बुडाशी सूज असेल, तर वीट बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना हात दाखवा.