सूक्ष्मनिर्मितीसाठी लिथोग्राफी तंत्राची निवड

सिलिकॉनच्या चकतीवरील रेझिस्टच्या थरात सूक्ष्म आकृती उमटविण्याच्या क्रियेस लिथोग्राफी म्हणतात. तंत्र निवडताना रेषेची आवश्यक रुंदी व प्रतींची संख्या यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

फोटोलिथोग्राफीत मास्कमधून येणाऱ्या प्रकाशाने संपूर्ण आकृती एकाच वेळी उमटते. म्हणून ती मोठ्या उत्पादनास सोयीची ठरते. मात्र तिची सूक्ष्मता तरंगलांबीवर अवलंबून असते. मास्क चकतीला टेकवून ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरल्यास सुमारे १ मायक्रोमीटरची रेषा मिळते. अत्याधुनिक चिपसाठी १३.५ नॅनोमीटरचे किरण व अतिशय महाग यंत्रे लागतात. इलेक्ट्रॉन शलाका मास्कशिवाय १० नॅनोमीटरच्या आसपासची रेषा काढू शकते. परंतु बिंदूमागून बिंदू लिहिला जात असल्याने वेळ फार लागतो. १९९५ मध्ये स्टीफन चाऊ व सहकाऱ्यांनी मांडलेल्या नॅनोइम्प्रिंट पद्धतीत साचा दाबून आकृती उमटवितात. त्यामुळे प्रती स्वस्त पडतात. पण साच्यातील दोष प्रत्येक प्रतीत उतरतो.

मर्यादित अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेस १०० मायक्रोमीटर रुंदीच्या द्रवनलिका करावयाच्या असल्यास छापील फिल्मचा मास्क, जाड रेझिस्टचा साचा व त्यावर ओतलेले सिलिकोन रबर पुरेसे आहे. अनावश्यक सूक्ष्मतेवर झालेला खर्च प्रयोगांच्या संख्येतूनच वजा होतो.