घरचा दावा, तालुक्याचे दप्तर

समजा, सिंधुदुर्गातल्या एका गावातली एक बाई तीस वर्षांपूर्वी नवऱ्यापासून कायद्याने वेगळी झाली आणि माहेरी राहिली. वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले; आता आईवडील दोघेही हयात नाहीत. घटस्फोटित मुलगी म्हणून तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. मात्र १९ जुलै २०१७ च्या केंद्रीय आदेशाप्रमाणे घटस्फोटाचा अर्ज आई किंवा वडील यांपैकी निदान एक जण हयात असताना कोर्टात दाखल झालेला हवा. निकाल त्यांच्या पश्चात लागला असला तरी चालतो. म्हणजे या बाईच्या म्हातारपणाची बेगमी एका जुन्या दाखल-तारखेवर येऊन थांबते. ती तारीख कोणत्या कोर्टाच्या कोणत्या वहीत लिहिलेली आहे, हे मात्र तिला कुणी सांगत नाही.

कुणीतरी सल्ला देते, ‘फॅमिली कोर्टात चौकशी करा.’ इथेच वाट चुकते. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरासाठी असे न्यायालय स्थापन करणे त्याने राज्य सरकारवर बंधनकारक केले. बाकी ठिकाणी ते सरकारच्या इच्छेवर सोडले. पुण्यात आणि मुंबईत १९८९ मध्ये ही न्यायालये सुरू झाली, मग इतर मोठ्या शहरांत. ग्रामीण भागातले नवरा-बायकोचे, मुलांचे, पोटगीचे वाद मात्र पूर्वीपासून चालत आले तसेच नेहमीच्या दिवाणी आणि फौजदारी कोर्टांत चालत राहिले. त्यामुळे खेड्यातल्या एका घराचा कागद एका जागी कधीच जमत नाही. कोर्टाकडे काय मागितले होते, यावर तो कुठे पडला हे ठरते.

घटस्फोट मागितला असेल किंवा बायकोने नांदायला यावे म्हणून नवऱ्याने कलम ९ चा अर्ज केला असेल, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालची ती विवाह याचिका सामान्यतः दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे. तालुक्याला फक्त कनिष्ठ स्तराचे कोर्ट असेल, तर तिथे कितीही वह्या उलटल्या तरी ती सापडायची नाही. पोटगी मागितली असेल तर कागद फौजदारी बाजूला, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. त्यासाठीचे कलमही काळाप्रमाणे बदलले: १८९८ च्या संहितेत ४८८, १९७३ च्या संहितेत १२५ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४. जुनी माणसे अजून ‘चारशे अठ्ठ्याऐंशीची केस’ म्हणतात, ते यामुळे. २००६ नंतरचा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्जही दंडाधिकाऱ्यांकडेच. मुलाच्या पालकत्वाचा अर्ज १८९० च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयात. वारस दाखला तर मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली अजून दिला जातो. त्याचा चौकशी अर्ज दिवाणी कोर्टात वेगळ्याच नोंदवहीत चढतो.

वाटणीच्या दाव्याचा प्रवास याहून लांबचा. आधी प्राथमिक हुकूमनामा होतो. सारा भरणारी शेतजमीन असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. दावा कोर्टात, दरखास्त कोर्टात, पण सरस-निरस ठरवून हिस्से पाडल्याचा तक्ता महसूल खात्यात. अशा वेळी उलटीकडून शोधावे, हे उत्तम. तलाठ्याकडच्या फेरफार नोंदीत ‘दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून’ असे लिहून पुढे दाव्याचा नंबर आणि साल टाकलेले असते. सातबारावरच्या फेरफाराच्या आकड्यावरून त्या नोंदीपर्यंत जाता येते आणि नोंदीवरून दाव्यापर्यंत.

विवाह याचिकेला असा धागा क्वचितच मिळतो. तिथे गाव, लग्नाचे ठिकाण आणि शेवटचा एकत्र मुक्काम यांवरून अंदाज बांधावा लागतो. कोकणात तर नवरा गिरणीत, बायको गावी, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार. लग्न जिथे लागले, समोरचा पक्ष जिथे राहतो किंवा दोघे शेवटी जिथे एकत्र राहिले, तिथल्या कोर्टात अर्ज करता येई. पत्नीला स्वतःच्या राहत्या ठिकाणी अर्ज करण्याची मुभा डिसेंबर २००३ मध्ये मिळाली. म्हणून मालवण तालुक्यातल्या संसाराचा शेवट मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयात लिहिलेला असू शकतो आणि १९८९ नंतर वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात.

जिल्ह्यांच्या सीमाही हलल्या. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याच दिवशी जालना जिल्हा झाला. १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, १९९८ मध्ये वाशीम आणि नंदुरबार, २०१४ मध्ये पालघर. जुने दप्तर नव्या जिल्ह्याकडे आले असेलच असे धरून चालू नये. मूळ जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातही विचारावे. त्याहून मागे गेलात तर राज्यच बदलते. सावंतवाडी संस्थानाची न्यायव्यवस्था वेगळी होती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथल्या जुन्या निकालांसाठी उर्दू वाचणारा माणूस लागतो. इतरत्र जुन्या कागदांसाठी मोडी वाचणारा. आणि अनेक जातींत काडीमोड, सोडचिठ्ठी जातपंचायतीपुढे होई. रूढीने होणारा हा घटस्फोट १९५५ च्या कायद्यानेही कलम २९ मध्ये राखला. त्याचा कोर्टात कागद नसतोच. फार तर एखादा स्टॅम्पपेपर घरात सापडतो.

नंबर ठाऊक नसेल, तर उरते नोंदवही. ती दाखल होण्याच्या क्रमाने लिहिलेली असते, आडनावांच्या क्रमाने नव्हे. साल नक्की नसेल तर मागचीपुढची वर्षे चाळावी लागतात. बाईच्या बाबतीत अडचण दुप्पट. घटस्फोटाच्या अर्जात ती सासरच्या नावाने उभी असते, नंतरच्या सगळ्या कागदांवर माहेरच्या नावाने. नाव शोधताना दोन्ही नावे आणि नवऱ्याचे पूर्ण नाव लिहूनच कोर्टात जावे. त्या वेळचे वकील हयात नसले तरी त्यांच्या कारकुनाला किंवा वकिली चालवणाऱ्या मुलाला विचारावे. जुन्या डायऱ्यांत तारखा आणि नंबर असतात. घरात समन्सचा फाटका तुकडा असला तरी त्यावर नंबर असतो.

नंबर मिळाला की नक्कल विभागात अर्ज. पक्षकाराला नक्कल मिळण्याचा हक्क आहे. तिऱ्हाइताला कारण सांगून कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. विवाह याचिकांचे कामकाज कलम २२ प्रमाणे बंद दाराआड चालते, ते छापता येत नाही, आणि हे योग्यच आहे. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकून वेळ घालवू नये. न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

आता त्या फाइलीत काय उरलेले असते, हे पाहू. १९१७ च्या अभिलेख नाश अधिनियमाने उच्च न्यायालयांना जुने कागद नष्ट करण्याचे नियम करण्याचा अधिकार दिला. निकाल लागल्यावर फाइलीतले कागद वर्गवार लावले जातात. निकालपत्र आणि हुकूमनामा दीर्घकाळ जपायच्या वर्गात. बाकीचे बरेच कागद मुदत संपली की नाशाच्या यादीत. कोर्टात जागा नसते, वाळवी असते, पावसाळा असतो; ही व्यवस्था का झाली ते समजते. पण जे जाते त्याचे मोल फार मोठे आहे. हुकूमनामा चार ओळींचा: विवाह विसर्जित करण्यात येतो, खर्च ज्याचा त्याने सोसावा. बाई जे बोलली ते साक्षीत असते. घरातून कधी काढले, कुणाच्या घरी आसरा घेतला, मजुरी काय मिळायची, दागिने कुणी मोडले, मूल आजारी पडले तेव्हा कोण आले, हे सगळे ती शपथेवर सांगते आणि उलटतपासात पुन्हा सांगते. लिहिता न येणाऱ्या हजारो स्त्रियांचे स्वतःबद्दलचे बोलणे आयुष्यात एकदाच कागदावर उतरले, ते तालुक्याच्या कोर्टात. नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला, वर्तमानपत्रांत गाजला, कायद्याच्या अहवालांत छापला गेला, म्हणून नांदायला जाण्याचा १८८७ चा हुकूम आणि त्यामागची सगळी बाजू आज आपल्याला वाचता येते. तशाच प्रश्नाने तालुक्याच्या कोर्टात उभ्या राहिलेल्या बायकांसाठी अहवाल छापले गेले नाहीत. त्यांची साक्ष नाशाच्या यादीत टाकणे हे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे नुकसान आहे, असे माझे ठाम मत आहे.

ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले आणि जुन्या अभिलेखांचे स्कॅनिंग त्यात आहे. यात पहिला मान दाव्यांच्या नोंदवह्यांना मिळायला हवा. वही गेली की फाइल असूनही सापडत नाही. शोधसूचीत स्त्रीचे माहेरचे नावही चढवावे. आणि विवाह व पोटगीच्या प्रकरणांतल्या साक्षी, नावे गुप्त ठेवून, नाशाच्या नियमांतून वगळाव्यात. उच्च न्यायालयाने नियम बदलले तर हे होण्यासारखे आहे.

तोवर एक काम प्रत्येक घराला करता येईल. घरात कुणाचा घटस्फोट, पोटगी, पालकत्व, वाटणी झाली असेल, तर कोर्टाचे नाव, प्रकरणाचा प्रकार, नंबर, साल, दाखल-तारीख आणि निकालाची तारीख एका कागदावर लिहून रेशनकार्डाशेजारी ठेवा. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी, असे हिंदू विवाह कायद्याचे कलम २३(४) सांगते. ती त्याच वेळी मागून घ्या. आणि जुना कागद शोधताना एकटीने हेलपाटे घालू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागू शकते.