परके मूत्रपिंड आपलेसे करण्याची अहमदाबादची खटपट

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण उत्तम पार पडले, तरी रुग्णाची प्रतिकारयंत्रणा त्या अवयवाला परकाच मानत राहते आणि तिला आवरून धरणारी औषधे सहसा जन्मभर घ्यावी लागतात. त्यांच्यामुळे जंतुसंसर्गाचा व कर्करोगाचा धोका वाढतो, आणि त्यांतील काही तर नव्या मूत्रपिंडालाच अपाय करतात. गरीब घरात औषधांचा खर्च पेलेनासा झाला, की आईने किंवा भावाने दिलेले मूत्रपिंडही हातचे जाते. १९७७ मध्ये कॅनडा सोडून परतलेल्या डॉ. हरगोविंद त्रिवेदी यांनी अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात उभारलेल्या मूत्रपिंड संस्थेने स्टेम सेलचा, म्हणजे मूलपेशींचा, मार्ग धरला तो या अडचणीवर उतारा म्हणून.

या मार्गाचे मूळ १९५३ सालच्या एका प्रयोगात आहे. पीटर मेडावार, रूपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी उंदराच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचल्या, आणि तो उंदीर मोठा झाल्यावर त्याने त्याच वाणाची त्वचा स्वीकारली, कारण आपले कोण नि परके कोण हे त्याची प्रतिकारयंत्रणा गर्भावस्थेत शिकतच होती. प्रौढ माणसात हे शिक्षण पुन्हा घडवणे फार अवघड असते.

अहमदाबादेत त्यासाठी दात्याच्या अस्थिमज्जेतील रक्तजनक मूलपेशींच्या जोडीला त्याच्याच पोटावरील चरबीतून मिळवलेल्या पेशी वापरल्या गेल्या. चरबीचे बारीक तुकडे करून, तिची वीण कोलॅजिनेज या विकराने सैल करून, सुट्या झालेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या जातात. यांतील मेसेन्कायमल पेशी दाह शमवतात आणि टी-पेशींचा, म्हणजे परक्यावर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, आवेग कमी करतात. त्या यकृताकडे रक्त नेणाऱ्या प्रतिहारी शिरेतून सोडण्यामागेही विचार आहे: आतड्यातून अन्नाबरोबर सतत येणारे परके पदार्थ यकृत निमूट सोसते, आणि त्याच्या या सोशिकपणाचा लाभ दात्याच्या पेशींना मिळावा, अशी अपेक्षा असते.

या साऱ्याचे अंतिम ध्येय औषधे सुटावीत हे असले, तरी त्यांची मात्रा घटवता येणे हीदेखील मोठीच मिळकत आहे; ती पूर्ण थांबवण्याची घाई मात्र धोक्याची ठरते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने अस्थिमज्जा व मूत्रपिंड एकाच दात्याकडून घेऊन केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाचपैकी चार रुग्णांची औषधे थांबवता आली. पाचव्याच्या रक्तातील प्रतिपिंडांनी नव्या मूत्रपिंडावर हल्ला चढवला, आणि ते गमवावे लागले.