पौगंडातील मधुमेह आणि स्वयंचलित इन्शुलिन

टोरांटोच्या जनरल हॉस्पिटलात ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या, मधुमेहाने केवळ अस्थिपंजर उरलेल्या मुलास इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले, तेव्हा ते द्रव्य इतके अशुद्ध होते की, रक्तातील साखर ४४० वरून जेमतेम ३२० पर्यंत उतरली आणि टोचल्या जागी गळू मात्र झाले. जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध करून दिल्यावर २३ जानेवारीस पुन्हा टोचले, आणि ५२० वर असलेली साखर चोवीस तासांत १२० वर आली. ज्या विद्येचा पहिला लाभार्थी एक किशोर होता, त्या विद्येस पुढील शंभर वर्षांत सर्वांत अधिक पेच किशोरांनीच घातला.

या मुलांना होतो तो बहुधा टाइप १ मधुमेह. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याशी वा आईबापांच्या हयगयीशी त्याचा काडीमात्र संबंध नसतो. साखर काटेकोर राखण्याचे महत्त्व अमेरिका व कॅनडा येथील १,४४१ रुग्णांवर सुमारे दहा वर्षे चाललेल्या अभ्यासाने १९९३ मध्ये निर्विवाद सिद्ध केले: डोळ्यांचा विकार उद्भवण्याचा धोका त्यायोगे ७६ टक्क्यांनी घटला. तथापि त्याच अभ्यासात, काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये साखर एकाएकी खाली जाऊन दुसऱ्याच्या मदतीवाचून सावरता न येण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. डोळे आणि मूत्रपिंडे वाचवावीत, तर रात्री झोपेत मुलाची शुद्ध हरपण्याचे भय. ते भय टाळावे, तर साखर चढती ठेवावी लागे.

पौगंडावस्थेत हा पेच अधिकच बिकट होतो. वयात येताना वाढणारी संप्रेरके इन्शुलिनचा प्रभाव कमी करतात, त्यामुळे वजनाच्या मानाने लागणारी मात्रा वाढते आणि पहाटे साखर आपोआप चढते. त्यातच खेळ, परीक्षा, अवेळी जागरणे आणि मित्रमंडळींत बसून खाताना सुई काढण्याचा संकोच यांची भर पडते. अमेरिकेतील रुग्णांच्या मोठ्या नोंदवहीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक वयाच्या पंधरा ते अठरा या टप्प्यावर सर्वांत वर गेलेला दिसतो. ज्यास घरोघरी बेफिकिरी म्हणून बोल लावला जातो, त्यात शरीरधर्माचा वाटा फार मोठा असतो.

स्वयंचलित इन्शुलिन यंत्रणा या ठिकाणी कामास येते. तिचे घटक तीन: त्वचेखालील द्रवातली साखर बहुधा दर पाच मिनिटांनी मोजणारा सेन्सर, बारीक नळीतून इन्शुलिन सोडणारा पंप, आणि या दोहोंमध्ये निर्णय करणारी गणिती आज्ञावली. व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधनातून निघालेली ‘कंट्रोल-आयक्यू’ ही आज्ञावली अर्ध्या तासापुढचा अंदाज बांधते. मध्यरात्री दोन वाजता साखर ११० असली, पण उतार असा की अर्ध्या तासात ती ७० च्या खाली जाईल, तर पंप इन्शुलिन थांबवितो. अंदाज १६० च्या वर गेला तर प्रवाह वाढवितो. आणि १८० ओलांडण्याचे चिन्ह दिसताच, तासातून फार तर एकदा, जादा मात्राही देतो. घरात कोणास उठावे लागत नाही.

चौदा वर्षे व त्यावरील वयाच्या १६८ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. या यंत्रणेवर असलेल्यांची साखर ७० ते १८० या मर्यादेत राहण्याचा काळ ६१ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेला; ज्यांना सेन्सर व पंप दिले, पण स्वयंचलन दिले नाही, त्यांचा ५९ टक्क्यांवरच राहिला. हे अंतर दिवसाकाठी सुमारे अडीच तासांचे होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

तरीही यंत्रावर सर्व हवाला टाकून चालत नाही. त्वचेखाली सोडलेल्या इन्शुलिनचा अंमल अन्नातील साखरेपेक्षा सावकाश चढतो, म्हणून जेवणापूर्वी किती कर्बोदके खाणार हे बहुतेक यंत्रांना सांगावेच लागते. नळी दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. ती दुमडली वा निसटली, तर पंपात केवळ जलद उतरणारे इन्शुलिन असल्याने काही तासांतच रक्तात कीटोन ही आम्लद्रव्ये साचू लागतात. इन्शुलिनचे पेन जवळ असावेच, आणि साखर चढून उतरेनाशी झाली, तर यंत्राकडे पाहत न बसता कीटोन तपासून पेनने इन्शुलिन घ्यावे व डॉक्टरांस गाठावे.

खर्चाचा प्रश्न उरतो. इंग्लंडमध्ये ‘नाइस’ या शासकीय सल्लागार संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये टाइप १ मधुमेह असलेल्या सर्व मुलांना व किशोरांना ही यंत्रणा सरकारी आरोग्यसेवेतून देण्याची शिफारस केली; ऐपतीचा निकष त्यात नाही. आपल्याकडे पंपाचा आणि सेन्सरचा बोजा बहुतांशी कुटुंबासच सोसावा लागतो, आणि तो पेलणारी घरे थोडी आहेत. सरकारने व विमा कंपन्यांनी याची तरतूद करणे हे कर्तव्यच होय. परंतु ती होईपर्यंतही एक गोष्ट विनाखर्चाची आहे. मीटरवर चढलेला आकडा पाहून मुलास दोष देऊ नका. तो आकडा त्याच्या वर्तणुकीचा दाखला नव्हे; पुढची मात्रा ठरविण्यापुरताच त्याचा उपयोग करा.