घर बदलताय? फिश टँकमधला स्पंज धुऊ नका!

टेम्पोतून फिश टँक नव्या घरी आला. मासे सुखरूप, पाणीही नितळ. तरी चार दिवसांत एकेक मासा दगावतो. असं का होतं?

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात मिसळतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. स्पंज वाळला किंवा क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्याने धुतला, की हे जिवाणू मरतात. ते पुन्हा वाढायला काही आठवडे लागतात.

म्हणून स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून न्या. टाकी मात्र रिकामी करूनच उचला. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच टाकीत सुमारे 56 किलो पाणी मावतं. ते हिंदकळलं तर काचेचे जोड सुटू शकतात. माशांना आदल्या दिवशी खाणं देऊ नका. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा ठेवा.

नव्या घरी आधी टाकी लावा. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालवणारं औषध टाकून फिल्टर सुरू करा. माशांची पिशवी टाकीत 15-20 मिनिटं तरंगू द्या, तिच्यात थोडं थोडं टाकीचं पाणी घाला आणि मगच मासे सोडा. आठवडाभर खाणं निम्म्यावर ठेवा. अमोनियाही कमी होईल.